ताईच्या सासऱ्यांची मिठं

आमच्या जव्हार-मोखाड्याकडे हंडाभर गोड्या पाण्यासाठी डोंगर उतरणारी माणसं घरोघर सापडतील. पण चांगलं गोडं पाणी घ्यायचं, त्यात स्वतःच्या हातानं मीठ कालवायचं आणि ते मनासारखं खारट झालं नाही म्हणून दिवसभर जेवायचं नाही, असा माणूस या डोंगरात आजवर एकच झाला, आणि तो माझ्या सख्ख्या ताईचा सासरा आहे. हे मी अभिमानानं सांगतो आहे की संकोचानं, ते माझं मलाच नीट ठरवता आलेलं नाही. वाचणाऱ्यांनी ठरवावं.

मी जामसरचा. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. पावसाळ्यात जामसरहून रोज येणं-जाणं जमेना, म्हणून जव्हारला ताईच्या सासरी माझी सोय झाली. निघताना आईनं बजावलं होतं, बहिणीच्या सासरी वाढतील तेवढं खायचं, विचारतील तेवढंच बोलायचं आणि कशालाही नाही म्हणायचं नाही. दाजी मोखाड्याकडच्या आश्रमशाळेत शिक्षक, ते शनिवारीच घरी यायचे. म्हणजे आठवडाभर घरात ताई, तिचे सासू-सासरे आणि मी. ताई त्यांना मामा आणि आत्या म्हणायची, म्हणून मीही तसंच म्हणू लागलो.

मामा मत्स्यखात्यात कारकून होते. सगळी नोकरी किनाऱ्यावरच्या कचेऱ्यांत, खिडकीतून समुद्र दिसेल अशा टेबलावर झाली. निवृत्त होऊन जव्हारला वडिलांच्या घरी परत आले तेव्हा खिडकीतून डोंगर दिसू लागले. "डोंगर चांगलेच आहेत," ते म्हणायचे, "पण एका जागी किती वेळ बसतात!" शेवटी त्यांच्या पुतण्याला दया आली. त्याचं मुंबईत शोभेच्या माशांचं दुकान होतं. त्यानं काकांना काचेची एक मोठी टाकी, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे आणि दुकानात वाढवलेल्या प्रवाळाचा एक तुकडा आणून दिला. लोकांच्या बैठकीच्या खोलीत जिथं टीव्ही असतो तिथं आमच्याकडे समुद्र आला. येणारा-जाणारा आधी त्याच्यापुढे बसायचा आणि मग घरच्यांची चौकशी करायचा.

आता समुद्रातले मासे आणि प्रवाळ नळाच्या पाण्यात जगत नाहीत, हे मलाही माहीत होतं. पण त्यात स्वयंपाकाचं मीठ घातलं तरी जगत नाहीत, हे मला तिथं कळलं. समुद्रात जे जे विरघळलेलं असतं ते सगळं मापात मिसळून त्यांच्यासाठी वेगळं मीठ तयार करतात. त्या काळी ते परदेशातून यायचं, निरनिराळ्या कंपन्यांचं, आणि प्रत्येक कंपनी आपलंच मीठ अस्सल समुद्र असल्याचं सांगायची. दुकानात कोणतं ठेवावं ते पुतण्याला कळेना. "काका, तुम्हाला वेळ आहे, घरात टाकी आहे. तुम्हीच तपासून सांगा," असं तो सहज बोलून गेला. सरकारी माणसाला असं सहज काही सांगू नये. मामांनी तो हुकूमच मानला.

पहिली गोष्ट त्यांनी केली ती म्हणजे सगळ्या पिशव्यांवरची नावं जुन्या वर्तमानपत्रानं झाकून टाकली आणि वर अ, ब, क अशी अक्षरं घातली. कोणत्याही कंपनीकडे मन झुकायला नको, असं त्यांचं म्हणणं. हे झाकण्याचं काम त्यांनी स्वतः न करता आत्यांकडून करवून घेतलं होतं. त्यामुळे अ म्हणजे कोण आणि ब म्हणजे कोण हे सबंध जव्हारात फक्त आत्यांना ठाऊक होतं, आणि घरातली सगळी सत्ता त्यांच्या हाती गेली होती. मामांनी कुठल्याही विषयावर आवाज चढवला की आत्या शांतपणे म्हणायच्या, "जास्त बोलाल तर 'ब' कोण ते सांगून टाकीन हां!" मामा दोन्ही कानांवर हात ठेवून परसात निघून जायचे.

मिठाच्या बाबतीत त्यांचे काही कडक नियम होते आणि ते हळूहळू घरभर पसरले. पिशवीतली बारीक पूड प्रवासात तळाला जाते, वरचं चमचाभर घेतलं तर ते खरं मीठ नव्हे, म्हणून माप घेण्याआधी अख्खी पिशवी अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत लोळवायची. धोतर खोचून, वाकून, जड पिशवी लोळवत जाणारे मामा हे आमच्या आळीचं सकाळचं दृश्य होतं. पुढे ते नाचणीचं पीठही लोळवू लागले. "भाकरीत सगळीकडे सारखी चव पाहिजे," ते म्हणायचे. दुसरा नियम, पाण्यात मीठ घालायचं, मिठावर पाणी ओतायचं नाही. तसं केलं की चुना वेगळा होऊन पाणी दुधासारखं पांढरं होतं आणि मीठ वाया जातं. एकदा आत्यांनी कैऱ्या खारवताना बरणीत आधी मीठ टाकलं आणि वरून पाणी ओतलं. मामा धावत आले, "अगं, काय केलंस हे!" आत्या म्हणाल्या, "कैऱ्या आहेत. पोहणार नाहीत."

जव्हारचा पाऊस ज्यानं पाहिलाय त्याला माहीत आहे की त्या चार महिन्यांत घरातली काडेपेटीही पेटत नाही. अशा हवेत कोणत्या मिठाचे गठ्ठे होतात आणि कोणतं सुटं राहतं, हीदेखील एक परीक्षा होती. जे गठ्ठे होऊ लागले ते वाचवायला मामांनी पिशव्या चुलीवरच्या माळ्यावर नेऊन ठेवल्या. माझे ओले कपडे आणि पाठ्यपुस्तकं तिथून खाली आली. त्याच माळ्यावर आत्यांची वर्षाची सुकट होती. चार-आठ दिवसांनी मामांनी 'क'ची पिशवी उघडली, नाक खुपसलं आणि डोळे मिटून उभे राहिले. "याला किनाऱ्याचा अस्सल वास आहे," त्यांनी पुतण्याला कळवलं, आणि त्यानंही ते भाबडेपणानं गिऱ्हाइकांना सांगितलं. तपासून झाल्यावर ती पिशवी दुकानात परत गेली, आणि पुढे एका गिऱ्हाइकाच्या मांजरानं ती फाडली म्हणे.

पण खरा सोहळा थेंबांचा. काचेच्या नळीत नमुन्याचं पाणी घ्यायचं, त्यात पूड टाकायची, पाणी गुलाबी होतं. मग पिचकारीतून एकेक थेंब सोडायचा आणि ज्या थेंबाला गुलाबीचा निळा होईल तिथं थांबायचं. किती थेंब लागले त्यावरून कॅल्शियम कळतं. मामा मोठ्यानं थेंब मोजायचे आणि त्या वेळी घरात कुणी बोलायचं नाही. अडचण एकच होती, निळा झाला की अजून जांभळाच आहे, यावर घरात एकमत व्हायचं नाही. मग मतदान.

"निळा," ताई म्हणायची. तिला चुलीवर दूध दिसत असायचं.

"जांभळा," आत्या म्हणायच्या, कारण ताई निळा म्हणाली होती.

मग मामा नळी माझ्यापुढे धरायचे. बहिणीची बाजू घ्यावी की तिच्या सासूची, हा प्रश्न कॉलेजातल्या कुठल्याही प्रश्नापेक्षा अवघड होता. मी म्हणायचो, "निळसर." एकदा लग्नाचं आमंत्रण द्यायला आलेल्या अनोळखी पाहुण्यांना दारातच नळी दाखवून मामांनी विचारलं, "हा रंग कोणता?" ते घाबरून म्हणाले, "तुम्ही म्हणाल तो."

दर रविवारी मामा एसटीडी बूथवर जाऊन पुतण्याला आठवड्याचा निकाल द्यायचे. लांबचा फोन म्हणजे मोठ्यानं बोललं पाहिजे, अशी त्यांची समजूत. "कॅल्शियम कमी आहे! मागच्या वेळेपेक्षाही कमी!" असं ते एकदा ओरडले तेव्हा रांगेतल्या एका म्हातारीचा जीव कळवळला. बाहेर आल्यावर ती त्यांना म्हणाली, "बाबा, नाचनीची भाकर खा. माझ्या सुनंला त्यानंच बरा वाटला." मामांनी तिचे आभार मानले आणि घरी येऊन मला म्हणाले, "बाई खरं बोलली. फक्त टाकीत भाकर कशी टाकायची?"

वीज गेली की टाकीतला हवेचा पंप बंद पडायचा आणि घरचे सगळे कामाला लागायचे. तांब्यानं टाकीतलं पाणी उचलायचं आणि उंचावरून परत टाकीत सोडायचं, म्हणजे माशांना हवा मिळते. पाळ्या ठरलेल्या होत्या. आत्या कुरकुरत का होईना, आपली पाळी चुकवत नसत. "आमची पोरं एवढी अंघोळ घालून घेत नव्हती," असं म्हणत त्या पाणी ओतायच्या. पण एक डोळा त्या दोन माशांवर असायचा. मासे तांब्याखाली येऊन नाचायचे. मामा ते बघत बसायचे आणि त्यांचा चेहरा असा व्हायचा की मी पुस्तक मिटून त्यांच्याकडेच बघत राहायचो.

हे सगळं ज्या पाण्यावर चाललं होतं ते पावसाचं. नळाच्या पाण्यात औषधाची पावडर असते आणि ती माशांना सोसत नाही, म्हणून मामा पावसाळ्यात पत्र्यावरचं पाणी पन्हळीनं निळ्या पिंपांत भरून, झाकणं घट्ट लावून परसात ठेवायचे. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी उन्हानं आटतं. मीठ मात्र मागे राहतं. म्हणून रोज थोडं गोडं पाणी घालावं लागतं आणि मधून मधून जुनं काढून नवं कालवावं लागतं. पुढचा पाऊस येईपर्यंत त्या पिंपांवरच दोन मासे आणि एक प्रवाळ जगणार होते. मे महिन्यात नळाला एक दिवसाआड धार यायची, आणि येणारी-जाणारी माणसं आमच्या परसातल्या पिंपांकडे बघून न बोलता पुढे जायची. हे मामांना कळायचं. मलाही कळायचं.

त्या वर्षी मेमध्ये आमच्या मागल्या घरी लग्न होतं. ते कुटुंब मूळचं सूर्यमाळकडच्या एका पाड्यावरचं, कामासाठी जव्हारला येऊन राहिलेलं. लग्नासाठी टँकर ठरला होता. सकाळी नवरीचे वडील आमच्या दारात आले आणि टोपी काढून उभे राहिले.

"टँकर नाय आला," ते म्हणाले. "सूर्यमाळला वळवला. तिथल्या विहिरी आटल्यान."

"मग तुम्ही भांडला नाहीत?" आत्यांनी विचारलं.

"भांडू कसा? तिथं माझीच बहीण हंडा घेऊन उभी हाय."

मामांनी टाकीकडे पाहिलं. प्रवाळ उकाड्यानं आधीच मिटल्यासारखं झालं होतं आणि त्याच दिवशी पाणी बदलायचं ठरलं होतं. मग ते म्हणाले, "पिंपं घेऊन जा. एक मला राहू द्या, या दोघांसाठी. ते मी न्हाणीत घेतो." मी आणि त्यांनी मिळून एक पिंप न्हाणीत ओढलं आणि त्यावर गोधडी टाकली. बाकीची न्यायला लग्नघरची पोरं आली. पिंपं जड, तेव्हा त्यांनी ती आडवी करून लोळवतच नेली. रोज बघून आळीला ती पद्धत चांगलीच अंगवळणी पडली होती. पिंपं जात असताना मामा परसात आले नाहीत. ते टाकीपुढे, दाराकडे पाठ करून बसले होते.

तिथंच घोटाळा झाला. एका पिंपात मामांनी 'ब' मीठ आधीच कालवून ठेवलं होतं, बरेच दिवस ठेवल्यावर तळाला गाळ बसतो का ते पाहायला. पिंपावर खडूनं मोठा 'ब' लिहिला होता. लोळता लोळता तो पुसला गेला, आणि सांगणारा माणूस पाठ करून बसलेला.

दुपारी मांडवातून आवाज येऊ लागले. डाळ शिजत नव्हती. आचारी लाकडं सारून सारून घामाघूम झाला होता. मीठ शेवटी घालायचं म्हणून त्यानं डाळ चाखली नव्हती. "डाळच जुनी दिली वाण्यानं!" तो ओरडत होता. नवऱ्याकडचं वऱ्हाड वांगणीहून खराब रस्त्यानं उन्हातान्हात येऊन बसलं होतं आणि भूक त्यांच्या बोलण्यात उतरायला लागली होती. "जेवान हाय का नुसताच धूर?" एक म्हातारा विचारत होता. नवरीचे वडील मांडवाच्या खांबाला धरून उभे होते.

मामा पुढे झाले. त्यांनी डाव घेतला, थोडं पाणी काढलं, फुंकर मारली आणि जिभेच्या टोकाला लावलं. आधी त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की सगळे चकित झाले.

"ब!" ते म्हणाले. "हा कडवटपणा, हे मॅग्नेशियम... हे 'ब'च आहे!"

"काय 'ब'?" आचाऱ्यानं विचारलं.

मग तो आनंद त्यांच्या चेहऱ्यावरून उतरत गेला. "माझं मीठ आहे यात," ते हळू आवाजात म्हणाले. "या पाण्यात डाळ कधीच शिजणार नाही. दुसरी टाकावी लागेल."

"दुसरी डाळ हाय. पानी कुठंय?" आचारी म्हणाला. बाकीची पिंपं भातात आणि लोकांच्या पिण्यात संपली होती.

मामा घराकडे निघाले. मी मागोमाग. न्हाणीत जाऊन त्यांनी पिंपावरची गोधडी काढली, घडी केली आणि ती हातात घेऊन तसेच उभे राहिले. आत्या दारात आल्या. आत्या प्रसंगाला साजेसं काही बोलल्या नाहीत, असं मी तिथं राहायला आल्यापासून कधी झालं नव्हतं. त्या दिवशी झालं. त्यांनी फक्त पदर खोचला आणि मला म्हणाल्या, "पिंप एका बाजूनं धर, मी दार धरते."

डाळ शिजली. वऱ्हाड जेवलं. वांगणीच्या म्हाताऱ्यानं दोनदा मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी मामांनी टाकीत उरलेलं पाणी दुधाच्या कॅनमध्ये भरलं, त्यात दोन मासे सोडले, प्रवाळ लोणच्याच्या बरणीत ठेवलं आणि आम्ही मुंबईची एसटी धरली. कॅन त्यांच्या मांडीवर, बरणी माझ्या. कंडक्टरनं विचारलं, "दूध का?"

"नाही," मामा म्हणाले, "जोडपं आहे."

"मग त्यांचं तिकीट?"

"लहान आहेत," मामा म्हणाले, आणि घाटातल्या प्रत्येक वळणावर कॅन पोटाशी धरून बसले. दर थोड्या वेळानं झाकण उघडून तळहातानं पाणी ढवळायचे. दुकानात मासे मोठ्या टाकीत सोडले तेव्हा ते लगेच एका कोपऱ्यात एकमेकांना चिकटून राहिले. "पाऊस लागला की नेतो," मामा पुतण्याला म्हणाले.

पाऊस लागला. पिंपं काठोकाठ भरली. पण फोनवर पुतण्या म्हणायचा, "काका, आत्ता कुठं रुळलेत, आत्ताच हलवू नका." मग गणपती झाले, दिवाळी झाली. मिठाच्या पिशव्या येतच राहिल्या, मामा त्या लोळवत राहिले, आम्ही निळा-जांभळा करत राहिलो. बैठकीच्या खोलीतली टाकी मात्र कोरडी होती. आत्या ती रोज पुसायच्या, आतूनसुद्धा. रविवारच्या फोनवर मिठाचा निकाल लवकर आटपायचा आणि बाकीचा वेळ मामा नुसतं ऐकत असायचे.

पुढच्या वर्षी एका परीक्षेसाठी मी मुंबईला गेलो तेव्हा त्या दुकानात डोकावलो. ती मोठी टाकी होती, त्यात दुसरेच मासे होते. पुतण्यानं मला बाजूला घेतलं. "अरे, ते त्याच आठवड्यात गेले. एका डॉक्टरांनी पाहिले, त्यांना जोडीच हवी होती. प्रवाळही त्यांनीच नेलं. दुकान आहे, मी नाही कसं म्हणू? आणि काकांनी फोनवर विचारलं की माझ्या तोंडून निघतच नाही रे."

परतीच्या एसटीत सबंध रस्ताभर मी वाक्यं जुळवत होतो. घरी पोचलो तेव्हा मामा ओट्यावर बसले होते. "दुकानात गेला होतास?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली.

"नाहीत ना तिथं?" तेच म्हणाले. मग माझ्याकडे बघून हसले. "अरे, या जातीत मादी मोठी असते, नर कायम लहान. आणि पहिल्याच रविवारी हा मला सांगतो, काका, तुमचा नर असा वाढलाय, मादीच्या दुप्पट झालाय! मत्स्यखात्यात उभा जन्म गेला माझा."

"मग तुम्ही दर रविवारी विचारता कशाला?"

"तो सांगतो किती मन लावून!" मामा म्हणाले. "आज अमुक खाल्लं, आज प्रवाळ फुललं, आज दोघं भांडले. दुकानात एवढी गर्दी, तरी माझ्यासाठी वर्षभर दोन मासे सांभाळतोय तो. मी विचारायचं सोडलं तर मात्र मरतील रे ते."

मग ते उठले, टोपी घातली, पायांत चपला सरकवल्या आणि बूथकडे चालू लागले. रविवार होता.